गोरोबाकाकांचे थापटणे

कुंभाराच्या घरी जी चार-दोन हत्यारे असतात त्यांत थापटण्याइतके साधे दुसरे काही नाही. लाकडाचा एक चपटा तुकडा आणि त्याला हातात मावेल अशी मूठ, एवढेच ते. शहरातल्या मुलांनी चाक पाहिलेले असते, निदान चित्रात तरी. पण मडक्याचा खरा आकार चाकावर पुरा होत नाही, हे त्यांच्या आईवडिलांनाही बहुधा ठाऊक नसते. चाकावरून उतरलेले मडके जाड अंगाचे आणि ओबडधोबड असते. ते जरासे सुकू द्यायचे, मग एका हाताने आतून गोल दगड धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकत जायचे. माती पसरते, अंग पातळ आणि सारखे होते, बूड मिटते. आतला हात सांभाळतो आणि बाहेरचा मारतो. हे सारे झाल्यावर मडके आव्यात जाते आणि पक्के होऊन बाहेर येते.

या थापटण्याची एक गोष्ट आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी घडली असे परंपरा सांगते. गोष्ट तुम्हां सर्वांना माहीत आहे. शाळेत असताना ती आपण ऐकलेली असते, आजीच्या तोंडून ऐकलेली असते, आणि इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यात काय भरले आहे ते पाहायचे राहूनच जाते. म्हणून ती पुन्हा एकदा सांगतो.

तेराव्या शतकाच्या अखेरीस केव्हातरी संतांची मंडळी तेरला गोरोबांच्या घरी उतरली होती. निवृत्तिनाथ होते, ज्ञानदेव होते, सोपानदेव आणि मुक्ताबाई होत्या, नामदेव होते. या सगळ्यांत गोरोबा वयाने मोठे, म्हणून त्यांना सारे काका म्हणत. आमच्याकडे आजही कोणी नुसते 'गोरा कुंभार' म्हणत नाही, 'गोरोबाकाका' म्हणतात. मुक्ताबाई त्या वेळी बारा-पंधरा वर्षांची पोर. तिची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. हे काय, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे काका म्हणाले. मग आम्हीही मडकीच की, आमची परीक्षा करा, असा तिने हट्ट धरला. काका उठले, थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकीत निघाले. सारे मुकाट बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते रागावले. आणि काकांनी निवाडा दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

गेली काही वर्षे ही कथा मी वर्गात शिकवीत आहे. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, परीक्षा मागितली मुक्ताबाईने. नामदेवांना कोणी विचारलंच नाही. न विचारता कोणी डोक्यात लाकूड मारलं तर राग येणारच की! यात कच्चेपणा कसला?" वर्ग हसला, पण तिचा प्रश्न रास्त होता. सोशिकपणा हीच जर परीक्षा असेल तर दगड सर्वांत पक्का म्हणायला हवा. संतांना असला दगडी सोशिकपणा अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही.

गोम निराळीच आहे. त्या बैठकीत देवाशी सर्वांत सलगी कोणाची होती? नामदेवांची. लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या कीर्तनात नाचतो अशी त्यांची ख्याती. इतरांना जे साधनेने मिळवावे लागले ते नामदेवांना जणू घरच्यासारखे मिळाले होते. आणि नेमके तेच आड आले. देव आपला आहे, पंढरपूरचा आहे, विटेवर उभा आहे, त्याला पाहायचे तर तिथेच जायचे आणि तो ओळखतो तो आपल्यालाच, अशी एक गाठ त्यांच्या मनात बसली होती. थापटणे त्या गाठीवर बसले. दुखले ते डोके नव्हे.

आता आपापल्या घरी पाहा. तुमच्या-माझ्या ओळखीत असे एखादे गृहस्थ असतातच, जे पहाटे उठून दोन तास पूजा करतात, चाळीस वर्षांत एक दिवस खंड नाही, आणि पूजा आटोपून बाहेरच्या खोलीत आले की जावयाच्या जातीपासून शेजाऱ्याच्या स्वयंपाकापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांचे मत आधीच ठरलेले असते. एखाद्या बाई रोज ध्यानाला बसतात, डोळे मिटून श्वास मोजतात, आणि सुनेने एक शब्द निराळा बोलला की त्या ध्यानाचे काय होते ते सुनेलाच माहीत. याउलट ज्यांच्या घरात देवघर नाही अशी विचारी, बुद्धिवादी मंडळीही मी पाहिली आहेत. त्यांच्या मनाचे दरवाजे इतके गच्च, की कीर्तनकाराच्या तोंडून एखादी शहाणपणाची गोष्ट आली तरी तिला आत शिरता येऊ नये. आपल्या भाषेत या अवस्थेला एक नेमका शब्दप्रयोग आहे: पालथा घडा. घडा फुटका नाही, कच्चा नाही, चांगला खणखणीत भाजलेला आहे. फक्त पालथा आहे.

नामदेवांचे मोठेपण असे की ते पालथे राहिले नाहीत. रडत का होईना, पंढरीला गेले, विठ्ठलापाशी तक्रार केली. आणि विठ्ठलाने त्यांची समजूत न घालता त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. थापटणे कच्च्या मडक्यावरच चालते. भाजलेल्या मडक्याला ठोकून आकार देता येत नाही, ते फुटते. तेव्हा काकांनी कच्चे म्हटले ती नुसती निंदा होती असे मी मानीत नाही. या मातीचे अजून काही होऊ शकते, असा त्याचा एक अर्थ निघतो. कुंभाराच्या तोंडी तर तो अगदी सहज निघतो.

विसोबांची भेट औंढ्या नागनाथच्या देवळात झाली असे सांगतात. नामदेव आत गेले आणि पाहतात तो एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून आडवा झालेला. नामदेव शहारले. देवावर पाय! म्हातारा म्हणाला, बाबा, मला उठवत नाही. जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंडी. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंडी.

या प्रसंगातली शिकवण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. विसोबांनी वाद घातला नाही. देव सर्वत्र आहे असे प्रवचन दिले असते तर नामदेवांनी मान डोलावली असती. ते वाक्य त्यांना पाठ होते, आपल्यालाही पाठ आहे. त्यांनी नामदेवांच्या हातात काम दिले. तूच उचल, तूच जागा शोध. मनुष्य स्वतःच्या हातांनी शोधायला लागला आणि ती जागा सापडेना, तेव्हा आतली गाठ सुटली. मन मोकळे करायचा याहून चांगला उपाय मला ग्रंथांत आढळलेला नाही. ध्यान काय किंवा प्रार्थना काय, दोन्हींत जे काही घडते ते अशा प्रकारचे असते. ठरलेल्या मतावर पाय ठेवून आपण पडलेले असतो, आणि कोणीतरी सांगते की जरा उचलून दुसरीकडे ठेवून पाहा.

आणि हे विसोबा तरी मूळचे कोण? त्यांची गोष्ट तर याहून मौजेची आहे. आळंदीत ज्ञानदेवांच्या भावंडांना ज्यांनी छळले त्यांत हे विसोबा चाटी पुढे होते. संन्याशाची पोरे म्हणून त्या मुलांना गावात कोणी काही देऊ नये असा त्यांचा कटाक्ष. एकदा मुक्ताबाईला मांडे करायचे होते. मांडे भाजायला मातीचे परळ लागते, म्हणून ती कुंभारवाड्यात गेली. विसोबांनी कुंभारांना बजावून ठेवले होते, कोणी तिला ते दिले नाही. पोर रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापविली आणि तिने तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. विसोबा आडून पाहत होते. ते पाहून त्यांचा ताठा गेला आणि त्या मुलांच्या पानातले उष्टे खायला ते धावले. ज्ञानदेवांनी त्यांना 'खेचर' म्हणून हटकले. खेचर म्हणजे गाढवाच्या जातीचे ते जनावर, आणि खेचर म्हणजे आकाशात फिरणाराही. ते नाव विसोबांनी जन्मभर मिरविले.

चमत्कार खरा-खोटा हा वाद इथे घालू नये असे मला वाटते. लोकांनी ही गोष्ट सातशे वर्षे जपली ती पाठीवर भाजलेल्या मांड्यांसाठी खास नव्हे. एका लहान मुलीला मातीचे भांडे मिळू न देणारा मनुष्य पुढे बदलला. त्याच मुलीच्या हट्टामुळे ज्या नामदेवांच्या डोक्यावर कुंभाराचे थापटणे बसले, ते नामदेव शिकायला गेले ते त्याच माणसाकडे. ज्याचे मन एकदा गच्च मिटलेले होते त्यालाच दुसऱ्याचे मिटलेले मन ओळखता आले. परंपरेने गुरू निवडला तो असा. जन्मापासून निर्मळ असलेल्या ज्ञानदेवांकडे तिने नामदेवांना पाठविले नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे नामदेव कुठवर गेले ते पाहा. पंढरपूर सोडून ज्यांना करमत नव्हते ते उत्तरेला पंजाबात गेले, तिथल्या बोलीत त्यांनी पदे रचली. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले तेव्हा पुष्कळ मराठी माणसांनी ते प्रथमच पाहिले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. शिंप्याच्या घरी जन्मलेला आणि चंद्रभागेच्या वाळवंटात नाचणारा हा माणूस परमुलखातल्या, परभाषेतल्या लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत जाऊन बसला.

तेर गावच मुळी अशा गोष्टीला साजेसे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर सांगितले आहे, ते हे तेर. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई आणि तिथून समुद्रापार. गावात त्रिविक्रमाचे विटांचे जुने देऊळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझेन्स या पुरातत्त्वज्ञाने दाखवून दिले की त्याचा मागचा अर्धगोल भाग म्हणजे मूळचे बौद्ध चैत्यगृह. वर बसलेला देव वैष्णवांचा, विटा बौद्धांच्या. जवळच उत्तरेश्वराचे आणि कालेश्वराचे शिवालय, आणि महावीराचे जैन मंदिरही. तेरणेच्या काठी कालेश्वराजवळच गोरोबाकाकांची समाधी आहे. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ ही समाधीची परंपरागत साल. चैत्र वद्यात यात्रा भरते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. धाराशिव शहरातही तसेच. शहरालगतच्या डोंगरात लेणी आहेत, तिथे बौद्ध आणि जैन या दोहोंच्या खुणा सापडतात आणि मूळचे कोणाचे यावर पंडित शंभर वर्षे वाद घालीत आहेत. शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे, त्याच्या उरुसाला सगळ्या जातीधर्मांची माणसे जातात. आणि पलीकडे घाटावर तुळजाभवानी.

असे लिहिले की वाचकाला वाटते, वा, काय उदार भूमी! भूमी उदार असेल. माणसांचे मात्र तसे खात्रीने सांगवत नाही. नामदेवांचे शिष्य चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. परंपरेने ती साल १३३८ दिली आहे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरच्या महाद्वारापाशी पुरल्या. महाद्वारापाशी, आत नव्हे. त्यानंतर सहाशे वर्षे त्या दारावरून लाखो वारकरी नामघोष करीत आत गेले आणि चोखोबांचे जातभाई बाहेर उभे राहिले. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळविली, आणि मग मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा देऊळ सर्वांना खुले झाले. इरावती कर्व्यांनी वारीवर लिहिलेला 'वाटचाल' हा लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल की दिवसभर एकाच ओढीने चालणाऱ्या, एकमेकांच्या पाया पडणाऱ्या माणसांच्या पंगती संध्याकाळी निरनिराळ्या बसत, आणि ते पाहून त्यांचा जीव किती कष्टी झाला होता.

याहून जवळचे आणि कडू उदाहरण आमच्या जिल्ह्याचेच आहे. निजामी राजवटीच्या अखेरीला रझाकारांनी इथल्या खेड्यांत अनन्वित अत्याचार केले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले आणि त्यापाठोपाठ सूडाची लाट उठली. तीत ज्यांचा त्या अत्याचारांशी काडीचा संबंध नव्हता असे पुष्कळ मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्याबरोबर पाहणीसाठी माणसे पाठविली. त्यांच्या अहवालात सर्वांत जास्त झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले आहेत त्यांत उस्मानाबाद हे नाव आहे. आज जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आहे, २०२३ पासून. पण जुन्या नावाने नोंदलेला इतिहास आमचाच आहे. त्या गावांतून त्या काळी संध्याकाळी भजने होत नव्हती काय? नमाज होत नव्हती काय? होत होती. तरीही ते घडले. म्हणून 'प्रार्थनेने मन विशाल होते' असे वाक्य कोणी सभेत टाळ्यांसाठी फेकले की मी सावध होतो. प्रार्थनेने मन विशाल होऊ शकते. तिने ते अधिक अरुंदही होऊ शकते. ती कशी केली जाते यावर ते आहे.

मग कशी करावी? मी काही साधक नव्हे, पुस्तके वाचणारा आणि शिकविणारा मनुष्य. पण आमच्याच परिसरात ज्या उपासना चालतात त्यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. जैन गृहस्थांच्या नित्यकर्मांत 'सामायिक' म्हणून एक व्रत असते. अठ्ठेचाळीस मिनिटे एका जागी बसायचे आणि तेवढा वेळ कोणाविषयी राग नाही, लोभ नाही, सर्व जीवांविषयी समभाव ठेवायचा. मागायचे काही नाही. हा 'मागायचे काही नाही' भाग फार मोलाचा आहे. आपल्या घरगुती प्रार्थना बहुतेक अर्जाच्या नमुन्यात असतात: मुलीचे लग्न, मुलाची परीक्षा, फ्लॅटचे कर्ज. अर्ज करण्यात वाईट काही नाही, देव नाही तर कोणापाशी करायचा? पण अर्जदाराचे लक्ष अर्जावर असते, त्यामुळे ऐकायचे राहते. ज्या जैन विचाराने अनेकान्तवाद सांगितला, म्हणजे कोणतीही वस्तू एका बाजूने पाहून पुरी कळत नाही असे सांगितले, त्याने हे अठ्ठेचाळीस मिनिटांचे गप्प बसणेही सांगावे, हा मला योगायोग वाटत नाही. दुसऱ्याची बाजू दिसायला आधी आपली बाजू काही वेळ बोलायची थांबावी लागते.

बौद्ध परंपरेतली मैत्रीभावना याच्या पुढचे पाऊल टाकते. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम स्वतःचे कल्याण चिंतायचे. मग प्रिय माणसाचे. मग ज्याच्याविषयी आपल्याला ना प्रेम ना राग, अशा कोणाचे. रोज दूध टाकणारा, बसमधला कंडक्टर. आणि मग ज्याच्याशी आपले वैर आहे त्याचे. पहिल्या तीन पायऱ्या कोणीही चढेल. चौथीवर श्वास अडकतो. तिथे अडकले तर मागे फिरून पुन्हा प्रिय माणसापासून सुरुवात करावी असे जुने आचार्य सांगतात. जबरदस्ती करू नये म्हणतात. शत्रूवर एकदम प्रेम करा असे सांगणाऱ्यांपेक्षा हे आचार्य मला अधिक अनुभवी वाटतात.

आणि गांधीजींच्या प्रार्थनासभा. त्यांत गीता असे, कुराणातली आयत असे, ख्रिस्ती भजन असे, पारशांची प्रार्थना असे. १९४७ च्या एप्रिलात दिल्लीला कुराणाच्या आयतीला कोणी हरकत घेऊ लागले. सभेत बहुसंख्य लोक प्रार्थना व्हावी म्हणत होते. पण गांधीजी आधी विचारीत, कोणाची हरकत आहे का. आणि हरकत असली की प्रार्थना रद्द करून परत जात. विरोध करणाऱ्याला ढकलून बाहेर काढून केलेली सर्वधर्मप्रार्थना त्यांना नको होती. आयतही वगळायची नाही आणि माणूसही वगळायचा नाही, असा तो पेच होता. आपण असतो तर दोहोंपैकी एकाला सहज वगळले असते.

घरात हे कसे आणायचे? फार थाटाने नको. संध्याकाळी दिवा लावल्यावर शुभंकरोती म्हणायची रीत अजून ज्या घरांत आहे तिथे ती झाल्यावर दोन मिनिटे सर्वांनी नुसते बसावे. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला मुले खुदखुदतील, खुदखुदू द्यावे. त्या दोन मिनिटांत आज ज्याच्याशी आपला खटका उडाला त्या माणसाची बाजू मनात मांडून पाहावी. आपल्या वकिलाने मांडावी तशी नव्हे, त्याच्या वकिलाने मांडावी तशी. पटलीच पाहिजे असे नाही. माझ्या परिचयाच्या एका घरात गेली काही वर्षे हे चालले आहे. त्या घरचे आजोबा मला म्हणाले, "मास्तर, भांडणं काही कमी झाली नाहीत. पण आता भांडताना मध्येच थांबायला होतं." एवढे पुष्कळ झाले. ज्या घरात देव मानीत नाहीत तिथे दिवा आणि शुभंकरोती वगळून उरलेले करायला हरकत नसावी. विसोबांच्या पायांना ती दोन मिनिटेही चालतील.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. मोकळे मन म्हणजे ज्याला त्याला 'तुमचेही खरे' म्हणणारे मन नव्हे. तसले मन मोकळे नसते, रिकामे असते. नामदेव औंढ्याहून परतले आणि त्यांनी पंढरी सोडून दिली का? नाही. विठ्ठलावरचे त्यांचे प्रेम तसूभर उणे झाले नाही. साने गुरुजी देवळाच्या दाराशी बसले तेव्हा बडव्यांचेही खरे आणि आमचेही खरे असे म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे ठाम होते. फक्त समोरच्याच्या मनाला दार आहे हा विश्वास त्यांनी सोडला नव्हता.

या जिल्ह्यानेही एकदा तसा विश्वास दाखविला आहे. २०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू. 'सुबोध बायबल' लिहिणारे, 'सुवार्ता' मासिक चालविणारे, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरणारे. एक ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ. निवड जाहीर झाल्यावर काहींनी विरोध केला, धर्मप्रसारकाला हा मान कशाला, असे म्हटले गेले. पण गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातल्या लोकांनी त्यांना बोलाविले, तर बोलाविले. फादरांची पाठ तेव्हा फार दुखत होती, तरी ते उद्घाटनाला आले, कवी ना. धों. महानोर उद्घाटक होते. खेड्यापाड्यांतून टमटमने, एसटीने, पायी आलेली माणसे मांडवात बसून एका पाद्र्याचे मराठी ऐकत होती, आणि ते मराठी ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेशी नाते सांगत होते. महानोर २०२३ साली गेले, फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. त्या तीन दिवसांत पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी होती तिची आठवण मात्र आमच्याकडची मंडळी अजून काढतात.

दिवाळीच्या सुटीत कोणी तुळजापूरला देवदर्शनाला येणार असेल तर एक दिवस हाती ठेवून तेरलाही जावे. धाराशिवपासून सुमारे वीस किलोमीटर. एसटी मिळते. आधी त्रिविक्रमाचे देऊळ मागच्या बाजूने हिंडून पाहावे. मुलांना तो अर्धगोल दाखवावा आणि हे काय असेल असे विचारावे, लगेच उत्तर सांगू नये. मग रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले सरकारी वस्तुसंग्रहालय पाहावे. तेरच्या मातीतून आणि पांढरीतून निघालेली खापरे, मणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या तिथे मांडलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा कुंभाराने थापटलेल्या भांड्यावर त्याच्या हाताची खूण दिसते का, ते डोळे बारीक करून पाहावे. ऊन उतरले की तेरणेकडे जावे आणि समाधीपाशी थोडे टेकावे. संध्याकाळी तिथे गावातली चार माणसे टाळ घेऊन बसलेली असली तर त्यांच्या मागे बसावे. तुम्ही कोण, कुठले, हे ती आधी विचारणार नाहीत; सरकून जागा करतील.